यानिसच्या बापाचं अध्यक्षीय भाषण

श्रीपाद खासनीस यांना रिकामी खुर्ची बघवत नसे. खुर्ची रिकामी दिसली की त्यांना अध्यक्ष आठवायचा, अध्यक्ष आठवला की प्रास्ताविक आठवायचं, आणि प्रास्ताविक आठवलं की घसा आपोआप खाकरला जायचा. कर्वेनगरच्या नवचैतन्य मित्रमंडळात त्यांनी तीसेक वर्षं असा घसा खाकरला. गणपती असो, कोजागिरी असो की नाल्यावरच्या पुलाचं उद्घाटन असो, आधी शाल की आधी नारळ, याबाबतीत खासनिसांचा शब्द शेवटचा. मग मंडळात तरुण पोरं आली. त्यांनी एका संध्याकाळी खासनिसांनाच शाल-नारळ दिला, टाळ्या वाजवल्या आणि त्यांना 'मार्गदर्शक' करून टाकलं. मार्गदर्शक म्हणजे ज्याला कुणी रस्ता विचारत नाही असा माणूस. पुढची बैठक झाल्याचं त्यांना भाजीवाल्याकडून कळलं.

अशा अवस्थेत ते आणि शकुंतलाबाई २००६च्या उन्हाळ्यात मुलाकडे आले. उपेंद्र आयर्लंडमध्ये, गॉलवेला, शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअर बघायचा आणि गावाबाहेरच्या एका नव्या वसाहतीत, कोपऱ्यावरच्या घरात राहायचा. कोपऱ्यावरचं म्हणून बाजूला चांगलं ऐसपैस अंगण होतं. श्रीपादरावांनी पहिल्याच दिवशी ते पावलांनी मोजलं आणि म्हणाले, "मांडव सहज बसेल."

"कशाचा मांडव, बाबा?" सूनबाई वृंदाने घाबरून विचारलं.

"ते ठरेल," श्रीपादराव म्हणाले.

ते ठरलं जूनच्या सुरुवातीला. शेजारी यानिस आणि इल्झे हे लॅटव्हियन जोडपं भाड्याने राहत होतं. यानिस सुतार. मागच्या वर्षी उपेंद्रच्या घराचं मागचं दार त्यानेच बसवून दिलं होतं आणि तेव्हापासून कुंपणावरून येणंजाणं होतं. उंचापुरा, लाजाळू माणूस, बोलायच्या आधी टोपी काढणारा. एका संध्याकाळी त्याने टोपी काढली आणि उपेंद्रला विचारलं की तेवीस जूनला संध्याकाळी तुमचं अंगण वापरलं तर चालेल का. त्यांच्या देशात तो वर्षातला सगळ्यात मोठा सण. सगळ्यात लांब दिवस, सगळ्यात छोटी रात्र. शेकोटी पेटवायची, डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घालायचे, चीज खायचं, बिअर प्यायची, गायचं आणि सूर्य परत येईपर्यंत झोपायचं नाही. जो झोपला तो सगळा उन्हाळा झोपाळू राहतो. शिवाय ज्याचं नाव यानिस त्याचा तो मानाचा दिवस. आमचे काही लोक येतील, मलिंगारहून, स्लायगोहून. फार नाही.

उपेंद्र "नो प्रॉब्लेम" म्हणणार, एवढ्यात आतून चपलांचा आवाज आला.

"अध्यक्ष कोण आहे?" श्रीपादरावांनी विचारलं.

यानिसला प्रश्न कळायला वेळ लागला. मग त्याचा चेहरा उजळला. अध्यक्ष असा नसतो, तो म्हणाला, पण घरचा यजमान असतो, त्याला आम्ही 'यानिसचा बाप' म्हणतो आणि त्याच्या बायकोला 'यानिसची आई'. येणारे सगळे पाहुणे म्हणजे यानिसची पोरं. गावी हे काम माझे वडील करायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. इथे आमच्यात वयाने मोठं असं कुणी नाही, म्हणून इथे आल्यापासून आम्ही हा सण केलाच नाही. तुम्ही व्हाल का?

श्रीपादरावांचा घसा खाकरला गेला. "पदाच्या नावात 'बाप'च्या ऐवजी 'वडील' करता आलं तर बघा," ते म्हणाले, "पण जबाबदारी मी स्वीकारतो."

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण खासनिसांच्या घरात ती कुणी ना कुणी सांगतंच. अडतीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या पंगतीत, घास भरवताना बायकांनी श्रीपादरावांना उखाणा घ्यायला सांगितलं. ते म्हणाले, "असले पोरकट प्रकार मी करत नाही." शकुंतलाबाईंची आत्या रुसून पंगतीतून उठली, जिलबी तशीच राहिली, आणि नाव काही घेतलं गेलं नाही. पुढेही नाही. 'अगं', 'ऐकलंस का', 'चष्मा कुठाय' आणि उपेंद्र झाल्यावर 'उपेंद्रची आई', एवढ्यावर संसार निभावला. शकुंतलाबाई या माहेरच्या आळीत मंगळागौरीला आणि विहिणीला चिडवणाऱ्या गाण्यांना पुढे असत. त्यांनी जोडलेल्या ओळी ऐकून एका विहिणीने म्हणे आमटीत बुडवलेला हात तसाच ठेवला होता. पण तो काळ गेला. मंडळाच्या कार्यक्रमांत त्या आत तांब्यांत पाणी भरायच्या आणि बाहेर श्रीपादराव समाजातल्या गुणवंतांना शाली घालायचे.

दुसऱ्या दिवसापासून श्रीपादरावांनी कार्य अंगावर घेतलं. समिती स्थापन झाली, तिच्यात श्रीपादराव, आणि इच्छा नसताना उपेंद्र. कार्यक्रमपत्रिका लिहिली गेली: दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, प्रमुख पाहुण्यांचा परिचय व सत्कार, अध्यक्षीय भाषण, शेकोटी, आभारप्रदर्शन. यानिसने ती बघितली आणि सावकाश विचारलं, "यात गाणी कुठे?"

"स्वागतगीत आहे की."

"आमच्याकडे..." यानिस म्हणाला, आणि मग भिडस्तपणाने टोपी घालून घरी गेला.

बायकांचं मात्र काहीच लिहिलेलं नव्हतं आणि सगळं चाललं होतं. इल्झेचं इंग्रजी जेमतेम, शकुंतलाबाईंचं त्याहून जेमतेम, तरी रोज दुपारी दोघी एकाच ओट्यापाशी. त्या सणाचं चीज म्हणजे दूध फाडायचं, फडक्यात बांधायचं, मग लोणी-अंड्याबरोबर शिजवून त्याचा गोळा करायचा. फडक्यात बांधून टांगण्यापर्यंतचं शास्त्र तर चक्क्याचंच. त्यात घालायला इल्झे ज्या काळ्या बिया शोधत होती त्या शकुंतलाबाईंनी नुसत्या वासावरून ओळखल्या आणि मसालेभातासाठी पुण्याहून आणलेला शहाजिऱ्याचा डबा पुढे केला. इल्झेने त्यांचा मुका घेतला. मध्ये दुभाषी म्हणून नऊ वर्षांची नात तन्वी असायची, आणि तिथून बराच वेळ हसण्याचे आवाज यायचे.

"काय चाललंय आत?" श्रीपादराव विचारायचे.

"काही नाही, स्वयंपाक," शकुंतलाबाई म्हणायच्या. त्यांना कुणी नीट विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं.

पहिलं विघ्न आलं ते ओकच्या पानांवरून. पुरुषांचे मुकुट ओकच्या पानांचे लागतात, आणि ओक वसाहतीत नव्हता. आता पुण्यातल्या ज्येष्ठ नागरिकाला झाडाची अडचण असते, पण मालकीची नसते. पहाटे फिरायला जाताना हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि आकडीची काठी घ्यायची, दुसऱ्याच्या कुंपणावरून जास्वंद खेचायची, आणि मालक खिडकीत आलाच तर "देवाला हवीय" म्हणून त्यालाच ओशाळं करायचं, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. श्रीपादरावांनी उपेंद्रच्या छत्रीची आकडी केली आणि चर्चच्या आवारातला मोठा ओक गाठला. पिशवी निम्मी भरली असेल नसेल तोच मागून आवाज आला.

"गुड मॉर्निंग. काही मदत करू?"

फादर डरमॉट उभे होते, तोंडात टूथब्रश.

"देवाला हवीयत," श्रीपादराव सवयीने म्हणाले.

"कुठल्या?"

हा प्रश्न कर्वेनगरात कुणी कधी विचारला नव्हता. श्रीपादरावांनी छत्री खाली घेऊन लॅटव्हिया, शेकोटी, यानिस असं सगळं सांगितलं. फादरनी ब्रश काढला. "म्हणजे सेंट जॉनची संध्याकाळ! अहो, ती तर आमच्याच खात्यातली. या भागात त्या दिवशी सगळीकडे जाळ करतात." आणि त्यांनी स्वतः करवत आणून दोन फांद्या कापून दिल्या. श्रीपादरावांनी तिथल्या तिथे त्यांना प्रमुख पाहुणे केलं, आणि सभागृहातल्या शंभर प्लॅस्टिकच्या खुर्च्याही मागून घेतल्या. "मागितल्याशिवाय मिळत नाही," ते घरी येऊन म्हणाले. या वाक्यानेच पुढे घात केला.

कारण आता त्यांनी परवानगी मागायचं ठरवलं. सार्वजनिक कार्यक्रम, त्यात अग्नी. लेखी परवानगी नको? उपेंद्र म्हणाला, "बाबा, इथे तसं कुणी..." पण ते फाइल घेऊन बसने निघालेही होते.

नगरपालिकेच्या कार्यालयातली मुलगी गोड होती. तिने सगळं ऐकून घेतलं, पेन खाली ठेवलं आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "हे बघा, तुम्ही मला विचारलंत तर मला नाही म्हणावं लागेल. म्हणून आधी मीच तुम्हाला विचारते. तुम्ही मला विचारलंय का?"

साधा माणूस असता तर "छे, मी नुसता हवापाण्याच्या गप्पा मारायला आलो होतो" म्हणून बसस्टॉपवर गेला असता. श्रीपादराव वीजमंडळात नोकरी केलेले. ते म्हणाले, "अर्थातच विचारलंय. आणि उत्तर लेखी पाहिजे."

उत्तर लेखी आलं, शिक्क्यासकट. वसाहतीच्या हद्दीत उघड्यावर जाळ करण्यास मनाई आहे.

बातमी संध्याकाळपर्यंत वसाहतभर झाली. समोरच्या ब्रीडा गेरॅटी, ज्यांच्या नजरेखालून कचऱ्याचा डबासुद्धा विनानोंद जात नसे, रस्ता ओलांडून खास ते पत्र बघायला आल्या. "तुम्ही जाऊन विचारलंत?" त्या म्हणाल्या. "मिस्टर श्री, माझा आजा दरवर्षी टेकडीवर जाळ करायचा. त्याचा आजाही करायचा. इंग्रजांच्या राज्यातसुद्धा कुणी विचारलं नाही!"

"आजोबा, यू आस्क्ड देम?" तन्वी म्हणाली. "लाइक, ऑन पर्पज?"

यानिसने पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाला, "काही हरकत नाही. तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत." इतकंच. मग तो अंगणात गेला आणि त्याने तिथे रचलेली लाकडं एकेक करून उचलायला सुरुवात केली. इल्झे दारात उभी होती, तिच्या हाताला अजून चीज लागलं होतं. सण दोन दिवसांवर होता. माणसांनी रजा काढल्या होत्या.

श्रीपादराव खिडकीतून बघत राहिले. आयुष्यात त्यांनी बिघडलेले कार्यक्रम पुष्कळ पाहिले होते. प्रमुख पाहुणे चुकून दुसऱ्याच मंडळात जाऊन हार घालून घेतात, माइक ऐनवेळी मरतो. पण त्या कार्यक्रमांवाचून कुणाचं अडलेलं नव्हतं. हा पोरगा वडील गेल्यापासून पहिल्यांदा सण करत होता, आणि तो आपण फाइल लावून बंद पाडला. त्यांना जेवण गेलं नाही. त्या रात्री ते शकुंतलाबाईंना म्हणाले, "अगं, माझं चुकलं." शकुंतलाबाईंनी दिवा लावून त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

सकाळी ते ब्रीडाबाईंच्या दारात उभे राहिले. छत्री नाही, फाइल नाही. "काही उपाय आहे का?" त्यांनी विचारलं.

उपाय होता. ब्रीडाबाईंच्या भावाची गावाबाहेर तळ्याकाठी कुरणं होती आणि तो दर सेंट जॉनला तिथे जाळ करायचाच. त्यात आणखी एक देश आला तर त्याला काय फरक पडतो? "ग्रँड होईल," त्या म्हणाल्या. "फक्त एक अट. मिस्टर श्रींनी आता कुणालाही काहीही विचारायचं नाही."

तेवीस तारखेला दिवसभर भुरभुर पाऊस पडला आणि जेवणवेळेला उघडला. तळ्यावर असा पिवळा उजेड पसरला की दिवस नुकता सुरू होतोय असं वाटावं. गाड्या येत राहिल्या. दारं उघडली की आतून फुलं, बिअरचे डबे, अकॉर्डियन, चिल्लीपिल्ली असं काहीबाही बाहेर पडायचं. बायकांच्या डोक्यावर रानफुलं, पुरुषांच्या डोक्यावर चर्चचा ओक. वृंदाने आणि शकुंतलाबाईंनीही मुकुट घातले होते. मध्यभागी ब्रीडाबाईंच्या भावाने लाकडांचा डोंगर रचला होता, आणि यानिसने एका उंच खांबावर वेगळी मशाल उभारली होती.

आणि मैदानात, दहा-दहाच्या रांगांत, शंभर प्लॅस्टिकच्या खुर्च्या.

त्या खुर्च्यांवर कुणीही बसलं नव्हतं. लॅटव्हियन लोक त्यांच्याकडे आदराने बघून वळसा घालून जात होते, बहुधा हा भारतीय देवाचा काही प्रकार असावा म्हणून. पहिल्या रांगेत एकटे फादर डरमॉट बसले, प्रमुख पाहुणे म्हणून. समोर ओकचा मुकुट, नेहरू शर्ट आणि गुडघ्यापर्यंत ओढलेले लोकरी मोजे अशा वेषात श्रीपादराव. त्यांच्या हातात ब्रीडाबाईंनी पोरांच्या फुटबॉल संघाकडून आणलेला भोंगा.

"हॅलो, हॅलो. माइक टेस्टिंग," श्रीपादराव म्हणाले, आणि तळ्यावरची बदकं उडाली.

त्यांनी प्रास्ताविक केलं. त्यात सूर्याचं दक्षिणायन आलं, अग्नीचं ऋग्वेदातलं स्थान आलं, लोकसंस्कृतीचं महत्त्व आलं. यानिसने भाषांतर करायचं ठरलं होतं. पहिल्या परिच्छेदाचं त्याने चार शब्दांत केलं आणि दुसऱ्यापासून नुसती मान हलवायला लागला. दरम्यान पावसाने भिजलेल्या कुरणात फादरची खुर्ची हळूहळू खाली चालली होती. अग्नीपर्यंत तिचे पाय गेले, लोकसंस्कृतीपर्यंत बैठक टेकली. फादर सभ्य माणूस. ते तसेच गुडघे हनुवटीशी घेऊन लक्षपूर्वक ऐकत राहिले.

"आता अध्यक्षीय भाषण," श्रीपादराव म्हणाले. अध्यक्षही तेच होते, तरी त्यांनी भोंगा या हातातून त्या हातात घेतला.

तेवढ्यात गाणं सुरू झालं.

इल्झेने सुरुवात केली, मोकळ्या, चढ्या आवाजात, आणि प्रत्येक ओळीमागे सगळ्यांनी मिळून पालुपद धरलं, "लीगो, लीगो!" माणसं हात धरून श्रीपादरावांच्या भोवती गोल करून उभी राहिली, त्यांच्याकडे बघून गायला लागली. श्रीपादराव भारावले. स्वागतगीत पत्रिकेत आधी होतं, पण हरकत नाही. त्यांनी हात जोडले. प्रत्येक ओळीला ते उजवीकडे, डावीकडे नमस्कार करत होते, आणि प्रत्येक नमस्काराला गोलातून हशा उसळत होता. तन्वी तर गवतात बसून पोट धरून हसत होती.

"काय म्हणतायत गं?" त्यांनी वाकून विचारलं.

"दे आर स्लॅगिंग यू, आजोबा! इट्स डेडली!"

"म्हणजे?"

यानिसने अडखळत सांगितलं, ते असं होतं:

*यानिसचा बाप कागद वाचे, कागद काही संपेना,*
*चीज सुकलं, बिअर तापली, बाप काही थांबेना!*

आणि दुसरं:

*खुर्च्या मांडल्या गाईंसाठी, गाई येती पाहुण्या,*
*मोजे ओढून वर ज्याचे, त्याच्या गोष्टी जुन्यापुराण्या!*

श्रीपादरावांचे जोडलेले हात तसेच राहिले. तीस वर्षांच्या सार्वजनिक जीवनात त्यांना अशी वागणूक मिळाली नव्हती. मंडळातल्या पोरांनीसुद्धा काढलं तरी टाळ्या वाजवून काढलं होतं. त्यांनी डोक्यावरचा मुकुट काढला, जवळच्या खुर्चीवर ठेवला, भोंगा त्याच्या शेजारी ठेवला, आणि ताठ मानेने चालत गाडीकडे गेले. गाडीला कुलूप होतं. किल्ली उपेंद्रकडे, आणि परत जाऊन किल्ली मागणं मानी माणसाला शक्य नव्हतं. तेव्हा ते बंद दाराला टेकून, खरोखरच बघायला आलेल्या पाच-सहा गाईंकडे पाठ करून उभे राहिले.

यानिस धावत आला. त्याने टोपी काढायला हात वर नेला, तर तिथे मुकुट होता. त्याने मुकुटच काढला.

"माझीच चूक," तो म्हणाला. "सांगायला हवं होतं. हा रिवाज आहे. पोरं येतात आणि यजमानाला चिडवतात. माझ्या वडिलांना सगळं गाव चिडवायचं. फाटक मोडकं आहे, कुत्रा आळशी आहे, नाक लाल आहे. एके वर्षी कुणी त्यांना फारसं चिडवलं नाही, तर ते आईला म्हणाले, मी म्हातारा झालो, आता लोक माझ्याकडे बघत नाहीत." तो थांबला. "नावं ठेवायची तर आधी माणसाकडे नीट बघावं लागतं, मिस्टर श्री. तुमचे मोजे सगळ्यांनी बघितले."

श्रीपादरावांना मंडळातली ती संध्याकाळ आठवली. शाल मऊ होती, नारळ मोठा होता, मानपत्रात त्यांचे सगळे गुण होते, आणि ते वाचणारा पोरगा एकदाही त्यांच्याकडे न बघता मोबाइल चाचपत होता. त्यांनी खाली वाकून आपल्या मोज्यांकडे बघितलं. खरंच फार वर होते.

"मग यावर यजमान काय करतो?" त्यांनी विचारलं.

"उलटून गातो. नाही आलं तर हरला."

"मला गाता येत नाही."

"ते त्यांनाही माहीत आहे," यानिस म्हणाला.

एवढ्यात शेकोटीकडून एक आवाज आला आणि श्रीपादराव चमकले. तो आवाज लॅटव्हियन नव्हता. तो शकुंतलाबाईंचा होता, आणि तसा तो त्यांनी लग्नाआधी कधीतरी एकदा, माडीवरून ऐकला होता. चाल इल्झेची, शब्द मराठी, टाळी मंगळागौरीची:

*मांडव घातला गावाला, खुर्च्या मांडल्या शंभर,*
*घरच्या बाईचा सत्काराला लागला नाही नंबर!*

"लीगो, लीगो!" सगळं मैदान म्हणालं. अर्थ कुणालाच कळला नव्हता, पण बाई कुणाबद्दल गातेय ते पोरासोरांना कळलं होतं. ब्रीडाबाईंनी शिट्टी वाजवली. उपेंद्र तोंड उघडं टाकून आईकडे बघत होता.

श्रीपादराव परत आले. गोलाने त्यांना वाट दिली. समोर शकुंतलाबाई उभ्या, डोक्यावर डेझीची फुलं, पदर खोचलेला, गाल तापलेले, आणि नजर बेधडक त्यांच्यावर.

"तुला हे सगळं माहीत होतं?" ते म्हणाले.

"दोन आठवडे सराव करतेय. मला कुणी विचारलं का?" त्या म्हणाल्या. "चला आता. उत्तर द्या, नाहीतर हरलो म्हणा. की पोरकट प्रकार करत नाही अजून?"

श्रीपादरावांनी घसा खाकरला. भोंगा कुणीतरी पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

"दुनियेला घातल्या शाली," ते म्हणाले, आणि अडकले.

"लीगो, लीगो!" लोकांनी धरलं. या सणाची ही सोय फार चांगली. माणूस अडकला की बाकीचे त्याला विचार करायला वेळ देतात.

"दुनियेला दिले नारळ..."

"लीगो, लीगो!" आता आयरिश मंडळीही लागली. फादर डरमॉट जमिनीच्या पातळीवरून सगळ्यात मोठ्याने गात होते.

श्रीपादरावांनी डोळे मिटले आणि एका दमात म्हटलं:

*दुनियेला घातल्या शाली, दुनियेला दिले नारळ,*
*शकुंतलेचं नाव घ्यायला जीभ आज झाली सरळ!*

मग जो कल्लोळ झाला त्यात गाईसुद्धा मागे सरकल्या. वृंदाने रडायला सुरुवात केली आणि हसायला लागली. यानिसने यानिसच्या बापाला उचललं, खाली ठेवलं आणि मुकुट परत डोक्यावर बसवला. श्रीपादरावांनी पिशवीतून सत्काराची शाल काढली. पुण्याहून येताना त्यांनी ती एक घेतली होती, लागली तर असावी म्हणून. त्यांनी फादर डरमॉटकडे अपराधी नजरेने बघितलं.

"माझा विचार करू नका," फादर म्हणाले. "मला फक्त कुणीतरी वर काढा."

शाल शकुंतलाबाईंच्या खांद्यावर गेली. त्यांनी ती सारखी केली, मान खाली घातली, आणि मग हात पुढे केला. "आणि नारळ?"

श्रीपादरावांनी पिशवीतला नारळ हातात धरून विचार केला. "नको," ते म्हणाले. "शाल-नारळ दोन्ही मिळालं की दुसऱ्या दिवसापासून माणसाला कुणी विचारत नाही. मी भोगलंय." आणि समोर जाळ होताच, तेव्हा होळीत टाकावा तसा त्यांनी नारळ त्यात टाकला. लॅटव्हियन आणि आयरिश दोघेही, हा आपला नसून दुसऱ्याचा रिवाज असावा, असं समजून गप्प राहिले. थोड्या वेळाने नारळ असा काही फुटला की एका अकॉर्डियनवाल्याने वाद्यासकट बसकण मारली, आणि शंभरातली दुसरी खुर्ची कामी आली.

भाजलेलं खोबरं आणि शहाजिऱ्याचं चीज एकत्र फार छान लागतं. ही गोष्ट तोवर जगात कुणाला माहीत असेलसं वाटत नाही. सूर्य तळ्यापलीकडे टेकला तरी उजेड जायचं नाव घेत नव्हता. जोडप्याजोडप्याने हात धरून लोक छोट्या शेकोटीवरून उड्या मारत होते. अध्यक्षीय भाषण राहून गेलं होतं, आभारप्रदर्शन राहून गेलं होतं, आणि पत्रिका शेकोटी पेटवताना कुणीतरी वापरली होती. श्रीपादराव आणि शकुंतलाबाई पहिल्या रांगेत शेजारी-शेजारी बसले होते आणि दोघांच्या खुर्च्या हळूहळू सारख्याच खाली चालल्या होत्या.

"ऐकलंत का," शकुंतलाबाई म्हणाल्या. "परत एकदा म्हणा ना."

"ते यमक आता आठवायचं नाही मला."

"यमक राहू द्या."

श्रीपादरावांनी इकडेतिकडे बघितलं. मग मोजे खाली सारले, आणि म्हणाले, "शकुंतला."

मागच्या मैदानातून कुणीतरी ते ऐकलं, आणि सगळ्यांनी धरलं, "लीगो, लीगो!"